ट्रेलर बघायला कोणी गेलं नाही

शैलेंद्र परचुरेला जगात फार थोड्या माणसांबद्दल आदर होता आणि त्यांतलं एकही माणूस दुबईच्या जबल अलीत कामाला नव्हतं. पुण्याहून मेकॅनिकलची पदवी आणि ताठ मान घेऊन तो इथे आला त्याला बरीच वर्षं झाली होती. जनरेटर भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनियर होता. मालकाला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, मॅनेजरला ऐकून घ्यायची सवय नाही, मेकॅनिक हातोडीशिवाय विचार करू शकत नाहीत आणि आपले मराठी लोक, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको, असं त्याचं एकंदर जगाविषयीचं मत होतं. ते तो रोज संध्याकाळी शारजाच्या घरी जेवताना बायकोला ऐकवायचा. साधना ऐकायची, म्हणजे पोळ्या वाढत राहायची.

दोन हजार आठच्या अखेरीस बाजार कोसळला तेव्हा शैलेंद्रला प्रथम जरा बरं वाटलं होतं. न बांधलेल्या टॉवरमधले फ्लॅट कागदावर विकत घेऊन वर पार्ट्या देणारे शेजारी एकेक करून गळायला लागले. लिफ्टमध्ये चिठ्ठ्या चिकटल्या: लीव्हिंग फॉर गुड, सोफा, फ्रिज, लहान मुलाची सायकल. त्या चिठ्ठ्या तो चष्मा वर करून नीट वाचायचा. "मी म्हणत होतो," असं घरात शिरता शिरता म्हणायचा. त्याने काही विकत घेतलं नव्हतं, त्यामुळे त्याचं काही बुडालं नव्हतं. शहाणपण म्हणतात ते हेच, अशी त्याची खात्री होती.

मग पुढच्या उन्हाळ्यात कुऱ्हाड कंपनीवर आली. बांधकामं थांबली होती, जनरेटर कोणाला हवे होते? जनरल मॅनेजर नबील, बैरुतचा, कायम घाईत असलेला माणूस, त्याने दोन्ही इंजिनियरांना केबिनमध्ये बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की दोघांना ठेवणं आता परवडत नाही. एकच राहील. कोण, ते ईदनंतर सांगतो.

शैलेंद्रची मुलगी ओवी बारावीत होती. मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की महिन्याभरात सामान बांधून विमानतळ. साधनाचा आणि ओवीचा व्हिसा त्याच्याच नावावर होता. ऐन बारावीच्या मधोमध पोरीला उचलून पुण्याच्या कुठल्या कॉलेजात नेऊन टाकायचं? तिने सात वर्षांची असल्यापासून दुसरं गाव पाहिलं नव्हतं, सुट्टीतलं सोडून. म्हणजे राहायला हवं होतं, निदान मार्चपर्यंत. जेवताना एवढ्या एकाच विषयावर शैलेंद्र गप्प असायचा.

दुसरा इंजिनियर म्हणजे संजय टिपणीस. मुलुंडचा. हा माणूस शैलेंद्रच्या डोक्यात जायचा. संजयला सगळ्यांचे वाढदिवस पाठ होते. त्याची बायको अनुराधा लाडू करून द्यायची आणि हा ते डबा उघडून ऑफिसभर वाटत फिरायचा, अगदी वॉचमनपर्यंत. नबीलच्या केबिनमध्ये बसून कॉफी काय प्यायचा, हबीबी काय म्हणायचा, त्याच्या मेहुण्याची चौकशी काय करायचा! यंत्राचा विषय निघाला की मात्र गडी पुस्तक उघडणार. "लाळघोट्या," शैलेंद्र घरी म्हणायचा. "स्पॅनर कुठल्या बाजूने धरतात ते विचार त्याला."

त्याच सुमारास कंपनीने एका बुडालेल्या ठेकेदाराचे ट्रेलर लिलावात घेतले. चाकांवर बसवलेले जनरेटर, स्वस्तात मिळाले म्हणून. रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्याचं एक काम तेवढं हातात उरलं होतं, आणि तिकडे जनरेटर न्यायला दर खेपेला भाड्याचा लो-बेड, म्हणजे बुटक्या पाठीचा लांब ट्रक लागायचा. आपल्याच पिकअप ट्रेलर ओढतील, लो-बेड बंद, असा नबीलचा हिशेब. त्याचा मेहुणा कॅनडात पिकअपने बोट ओढून नेतो. त्याच्या गाडीत डॅशबोर्डखाली एक छोटी पेटी असते, ब्रेक दाबला की ती मागच्या ट्रेलरच्या चाकांना वीज पाठवते आणि ट्रेलरचेही ब्रेक लागतात. इलेक्ट्रिक ब्रेक कंट्रोलर. नबीलने ती पेटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे त्याला त्या विषयातलं सगळं कळलं होतं.

"संजय, यू कंपेअर. ऑल मॉडेल्स. शेलेंदर, यू डू फिटिंग," तो म्हणाला. "गुड जॉब अँड आय रिमेंबर. यल्ला." म्हणजे, चला, लागा कामाला.

शैलेंद्र त्याच दुपारी यार्डात गेला. ऑफिसपासून यार्ड हाकेच्या अंतरावर होतं, पण ऑगस्ट होता, आणि ऑगस्टमध्ये एसी सोडून हाकेच्या अंतरावर जाणारा माणूस त्या ऑफिसात एकच होता. ट्रेलर ओळीने उभे होते, धुळीने माखलेले. ड्रायव्हर हमदुल्ला त्यांच्या सावलीत बसून टायरची हवा तपासत होता. शैलेंद्र पहिल्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्यापाशी वाकला आणि वाकल्या वाकल्या हसला.

जिथे ट्रेलर पिकअपला अडकतो तिथे, कडीच्या मागेच, दांड्यावर एक घड्याघड्यांची रबरी टोपी होती. ती बघितली की कळणाऱ्याला कळतं. पिकअपने ब्रेक दाबला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने दांडा आत सरकतो, आत सरकलेला दांडा सळई ओढतो आणि सळई ट्रेलरचे ब्रेक लावते. सगळं आपोआप. वायर नाही, पेटी नाही, काही नाही. युरोपातून आलेले ट्रेलर असेच असतात. त्याने खाली आडवं होऊन चाकांकडे बघितलं. चाकांकडे जाणारी एकही वायर नव्हती. मग उरलेले ट्रेलरही बघितले. सगळे तसेच.

म्हणजे हे ट्रेलर उद्या सकाळी पिकअपला अडकवून थेट रास अल खैमाला नेता आले असते. आणि नबील ज्या पेटीची तुलना करायला निघाला होता ती या ट्रेलरना लावणं म्हणजे बैलगाडीला स्टिअरिंग बसवणं.

आता हे खरं, की त्याने सांगायचा प्रयत्न केला. पहिली मीटिंग भरली, संजयने भिंतीवर स्लाइड लावली. स्लाइडवर ट्रेलर होता, पण यार्डातला नव्हे. इंटरनेटवरून उचललेला, अमेरिकन, पाठीमागे डोंगर आणि दात दाखवणारं कुटुंब. शैलेंद्रने हात वर केला. "सर, वन थिंग अबाउट द ट्रेलर्स..."

"शेलेंदर, लेट हिम फिनिश," नबील म्हणाला.

"शेवटी घेऊ या ना तुझा पॉइंट," संजयही म्हणाला, गोड हसून.

शेवटी कोणाला आठवण राहिली नाही. नबीलचा फोन वाजला, लोक उठले, संजय लाडवाचा डबा घेऊन दाराशी उभा राहिला. शैलेंद्रला लाडू मिळाला. तो लाडू हातात धरून उभा असताना त्याच्या मनात काहीतरी थंडगार होऊन बसलं. घ्या मग, तो मनात म्हणाला. करा तुलना.

आणि तुलना सुरू झाली. रमझान लागला होता, ऑफिस दुपारीच सुटायचं, पण सुटेपर्यंत दुसरा विषय नसायचा. संजयने कॅटलॉगमागून कॅटलॉग मागवले. एक पेटी वेळेच्या हिशेबाने चालणारी: तुम्ही ब्रेकवर पाय ठेवला की ती ठरलेल्या चालीने ट्रेलरचा ब्रेक वाढवत नेते, तुम्ही हळू दाबा की जोरात. दुसरी जास्त हुशार: तिच्या पोटात गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय ते ओळखणारा सेन्सर, त्या प्रमाणात ती मागचे ब्रेक लावते. पहिली स्वस्त आणि कशीही बसवा. दुसरी महाग आणि नीट कोनात बसवावी लागते, नाहीतर चढावर तिला उतार वाटतो. दोन्हींना एक छोटी पट्टी, ट्रेलर मागे डुलायला लागला तर हाताने नुसते ट्रेलरचे ब्रेक लावायला. संजय हे सगळं वाचून दाखवायचा, स्वतःला नुकतंच कळलेल्या माणसाच्या उत्साहाने. "तीनशे दिरहमचा फरक आहे, म्हणजे चार हजार रुपये एका गाडीमागे. पण सेफ्टी इज सेफ्टी," असं म्हणायचा. नबील मान डोलवायचा. अकाउंट्सवाला मान डोलवायचा. आणि शैलेंद्र कोपऱ्यात हाताची घडी घालून बसायचा आणि मधूनच एखादा खोचक प्रश्न टाकायचा. "कोन किती अंशांचा चालतो, संजय?" संजय वहीत लिहून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी डीलरला फोन करून उत्तर आणायचा, आणि वर थँक्स म्हणायचा. इतक्या वर्षांत शैलेंद्र ऑफिसात कधी इतका सुखात नव्हता.

बाहेर, काचेपलीकडे, भाड्याचा लो-बेड रास अल खैमाच्या खेपा करत होता. तो यार्डात शिरताना ट्रेलरांच्या ओळीला वळसा घालून जायचा.

"सांगितलंत का त्यांना?" एका रात्री जेवताना साधनाने विचारलं. पहिल्याच दिवशी घरी येऊन त्याने तिला सगळं सांगितलं होतं, रबरी टोपीसकट, हसत हसत.

"मी का सांगू? मी सांगत होतो तेव्हा ऐकलं का कोणी?"

"तेव्हा नाही ऐकलं. आता सांगा."

"आता कशाला? ईदनंतर डेमो आहे. सगळ्यांसमोर त्या टिपणीसचं बूड उघडं पडू दे. मग नबीललाच कळेल ना, कोणाला ठेवायचं ते."

"अहो, ओवीचं वर्ष आहे."

"तिच्यासाठीच करतोय मी."

साधनाने आमटीचं पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं, त्याला अजून आमटी हवी आहे का ते न विचारता. शैलेंद्रच्या मते साधनाला ऑफिसमधलं राजकारण कधीच कळलं नव्हतं.

ईद झाली आणि डेमोचा दिवस आला. उन्हाचा चटका अजून होताच, पण नबील आज यार्डात आला, गॉगल लावून. दोन मेकॅनिक, अकाउंट्सवाला, सगळे जमले. पिकअपच्या डॅशबोर्डखाली ती हुशार पेटी बसवलेली होती, संजयच्या शिफारशीची, बरोबर कोनात. कोन शैलेंद्रने स्वतः लावला होता. हमदुल्लाने ट्रेलर अडकवला, दिव्यांची वायर जोडली. ट्रेलरचे मागचे दिवे लागले तेव्हा संजयने टाळ्या वाजवल्या.

पिकअप यार्डात एक फेरी मारून आली. संजय हमदुल्लाच्या शेजारी बसून पेटीची पट्टी दाबत होता. काही झालं नाही. पेटीवरचा छोटा दिवा, जो ट्रेलर सापडला की रंग बदलतो, तो बदलेना. दुसरी फेरी झाली. तिसरीला संजयने दुसऱ्या कंपनीची पेटी लावायला लावली. तीही तशीच गप्प. संजयच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा पसरला. तो उतरला, प्लग काढून फुंकर मारून पुन्हा लावला. मेकॅनिक एकमेकांकडे बघायला लागले. नबील घड्याळाकडे बघायला लागला.

तेव्हा संजय शैलेंद्रपाशी आला. खाली मान घालून, हळू आवाजात, मराठीत म्हणाला, "शैलेंद्र, जरा बघतोस का रे? माझं काहीतरी चुकतंय."

कानात सांगून मोकळं होता आलं असतं. "प्लगचा प्रॉब्लेम नाही, चल जरा बाजूला," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण शैलेंद्र या क्षणाची वाट महिनाभराहून जास्त बघत होता, त्याने वाक्य इंग्रजीत पाठ केलं होतं, गाडीतून येता-जाता. त्याने खिशातून हात काढले, ट्रेलरच्या दांड्यापाशी गेला आणि बुटाच्या टोकाने त्या रबरी टोपीवर टिचकी मारल्यासारखं केलं.

"सर," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "धिस ट्रेलर हॅज नो इलेक्ट्रिक ब्रेक्स. नन ऑफ देम हॅव. दे डोन्ट नीड एनी कंट्रोलर."

मग त्याने समजावून सांगितलं. रेटा, दांडा, सळई, सगळं. फार छान सांगितलं. मेकॅनिक खाली वाकून बघायला लागले. अकाउंट्सवाला हसला. संजय जागच्या जागी उभा होता, हातात ती पेटी, आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. शैलेंद्रने तो चेहरा डोळे भरून पाहून घेतला.

"व्हेरी गुड, शेलेंदर," नबील म्हणाला. त्याने गॉगल काढला. "सो वुई कॅन पुल दीज टुडे?"

"येस सर. एनी डे."

"व्हेन डिड यू फाइंड धिस?"

इथे थांबायला हवं होतं. आज सकाळी, असं म्हणायला हवं होतं. पण पाठ केलेल्या वाक्याचा शेवटचा भाग अजून उरला होता, आणि तोच त्याला सगळ्यांत आवडत होता. कोणी तरी आपल्याला विचारलंय, याचा त्याला मनापासून आनंद झाला होता.

"डे वन, सर," तो म्हणाला. "बिफोर रमदान. आय न्यू फ्रॉम डे वन."

यार्डाच्या फाटकातून भाड्याचा लो-बेड बाहेर पडत होता, पाठीवर जनरेटर, रास अल खैमाकडे. नबीलने तो दिसेनासा होईपर्यंत बघितला. मग तो संजयकडे वळला आणि विचारलं, तुला माहीत होतं का? संजय नाही म्हणाला. नबीलने पुन्हा शैलेंद्रकडे बघितलं. रागाने नाही. शैलेंद्र लोकांकडे ज्या नजरेने बघायचा ना, तशा नजरेने.

"ही डिड नॉट नो," तो म्हणाला. "यू न्यू. अँड एव्हरी डे आय पे फॉर धिस लो-बेड, अँड एव्हरी डे यू सिट इन माय मीटिंग." त्याने गॉगल पुन्हा चढवला. "खलास. कम टु माय ऑफिस."

केबिनमध्ये फार वेळ लागला नाही. शैलेंद्रने तो पहिल्या मीटिंगमधला वर केलेला हात सांगून पाहिला. नबीलने विचारलं, मग दुसऱ्या दिवशी? मग त्याच्या पुढच्या आठवड्यात? माझा दरवाजा तर उघडाच असतो, संजयला विचार. यावर शैलेंद्रकडे पाठ केलेलं काही नव्हतं.

घरी सांगायला तोंड नव्हतं, पण सांगावं लागलं. तरी त्याने आधी नबील किती नालायक आहे ते सांगितलं. साधना भिंतीला टेकून उभी राहिली. तिने डोळ्याला पदर वगैरे काही लावला नाही. नुसती म्हणाली, "मी म्हणत होते," आणि तेच शब्द आजवर या घरात कोण म्हणत आलं होतं ते दोघांनाही आठवलं. ओवी फिजिक्सचं पुस्तक उघडं ठेवून टेबलापाशी बसली होती. तिने सगळं ऐकलं.

"वेट. यू न्यू?" ती म्हणाली. "द होल टाइम? अँड यू जस्ट सॅट देअर अँड वॉच्ड?"

"तुला कळायचं नाही ते, बाळा. त्या लोकांना..."

"सो व्हॉट अबाउट माय बोर्ड्स, बाबा?"

ओवीने पुस्तक मिटलं आणि आत गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते हळूच लावलं.

दोन दिवसांनी, यार्डात सामान ताब्यात द्यायचं काम चाललेलं असताना संजय आला. त्याच्या हातात करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचे दोन कागदी पेले होते. एक त्याने शैलेंद्रपुढे धरला. शैलेंद्रला तो घ्यायचा नव्हता, पण न घेऊन करणार काय?

"नबीलशी बोललो," संजय म्हणाला. "तीन वेळा बसलो त्याच्याकडे. तुझा व्हिसा मार्च संपेपर्यंत कॅन्सल करणार नाही तो. पगार नाही मिळणार, पण व्हिसा राहील. ओवीची एक्झाम होऊन जाईल. अनुराधा म्हणत होती, घरभाड्याचं जड जात असेल तर ओवी आणि वहिनी आमच्याकडे राहू शकतात. खोली आहे."

शैलेंद्र गरम चहाकडे बघत राहिला. तीन वेळा बसला असेल. कॉफी प्याला असेल, हबीबी म्हणाला असेल, मेहुण्याची चौकशी केली असेल. शैलेंद्रने सवयीने मनात काहीतरी झोंबणारं शोधून बघितलं. सापडेना. त्याला लाज वाटली, आणि ती इतकी अनोळखी होती की ती लाजच आहे हे कळायला त्याला जरा वेळ लागला. थँक्स म्हणायचं होतं, तेही जमलं नाही.

"एक काम होतं," संजयच म्हणाला. "उद्या पहिला ट्रेलर रास अल खैमाला जातोय, आपल्याच पिकअपने. आता हे मलाच बघायचंय. त्या दिवशी तू नबीलला सांगत होतास तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मला एकदा नीट दाखवशील?"

शैलेंद्रने पेला ट्रेलरच्या कडेवर ठेवला. दोघं दांड्यापाशी उकिडवे बसले. त्याने संजयचा हात धरून त्या रबरी टोपीवर ठेवला, आत सरकणारा दांडा दाखवला, सळई दाखवली, ती कुठे ढिली झाली तर कशी आवळायची ते दाखवलं, निघण्यापूर्वी काय काय बघायचं ते सांगितलं. संजयने एक-दोन प्रश्न विचारले. बरे होते प्रश्न. मग दोघं उठले. पेल्यातला चहा अजून गरमच होता.

"एवढंच?" संजय म्हणाला.

"एवढंच."

संजयने हातावरची धूळ झटकली. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, नुसतं नवल होतं.

"मग तेव्हाच सांगायचंस की रे."